श्वास ऐकू आला की खाली

आमच्या शाळेच्या कॉयरमध्ये श्वास ऐकू येणं हा गुन्हा होता. शब्द चुकला तर चालायचं. सूर इकडेतिकडे झाला तर मांजरसर डोळे मिटायचे आणि पुन्हा घ्या म्हणायचे. पण श्वास ऐकू आला की खाली. खाली म्हणजे लाकडी पायऱ्यांवरून खाली, जिथे पियानो होता. पकडल्या गेलेल्या मुलाने मग वर्षभर पियानोवाल्या बाईंची पानं उलटायची. बाई शिंकऱ्या होत्या. पानं उलटणाऱ्याला सगळी शाळा ‘रुमाल’ म्हणायची.

मांजरसर हे नावही मुलांनीच ठेवलेलं. कॉयर गात असताना ते रबरी तळव्यांचे बूट घालून रांगांमधून हिंडायचे आणि एकेकाच्या तोंडापाशी कान न्यायचे. मांजर कधी मागे येऊन उभं राहिलं ते उंदराला कळायचं नाही.

आता माणूस श्वास न घेता गाणार कसा? तर ती साखळी असते. लांब सूर धरायचा असला की शेजारशेजारच्या दोघांनी एका वेळी श्वास घ्यायचा नाही. मी घेते तेव्हा तू धर, तू घेशील तेव्हा मी धरीन. सुरातून हळूच बाहेर सटकायचं, हवा भरायची, पुन्हा हळूच आत शिरायचं. सगळ्या रांगांनी हे नीट केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, एकच कुणीतरी प्रचंड छातीचा प्राणी गातोय आणि त्याला श्वासाची गरजच नाही.

“श्वास घेऊ नका असं मी म्हणत नाही,” सर म्हणायचे. “पण चोरून घ्या. चोर सापडला की चोर खाली.”

जोड्या सर लावून द्यायचे. जोडीतल्या दोघी पाठीमागे हात बांधून उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या करंगळ्या अडकवायच्या. करंगळी दाबली की अर्थ एकच, मी घेते, तू धर. पुढून बघणाऱ्याला वाटायचं, काय शिस्तीची मुलं आहेत, हात मागे बांधून गातात.

मी या भानगडीत नव्हते. मी ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवायचे. डबल बास म्हणजे व्हायोलिनचा खापरपणजोबा. माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा जड आणि माझ्यापेक्षा कमी बोलणारा. शाळेत ‘धूड आलं, धूड आलं’ म्हणायचे. ते बासला म्हणायचे की मला, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. माझा गळा कावळ्याचा आणि तोंडाला झाकण नाही. आई म्हणते, ही जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली. खोटं बोलायचं म्हटलं की माझे कान लाल होतात. म्हणून मी ते सोडूनच दिलं.

कॉयरमध्ये होती ती धाकटी. माझी बहीण. तिचा आवाज एकटीने पुढे येऊन गाण्याचा नव्हता. पण खिडकीच्या चौकटीत लांबी भरतात ना, तसा तो इतरांच्या आवाजांतल्या फटी भरायचा. ती असली की रांग एकसंध वाटायची. ती नसली की काय वाटायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती कधी गैरहजर राहिलीच नाही. शाळेत तिचं दुसरं काहीच नव्हतं. अभ्यासात बेताची, खेळात शेवटची, वर्गात कुणाच्या लक्षात न राहणारी. दुसऱ्या रांगेतली डावीकडून तिसरी जागा, तेवढी तिची.

शाळा सुरू झाल्यावर सरांनी तिची जोडी घागरीशी लावली. घागर म्हणजे गुबगुबीत, गडगडून हसणारी मुलगी, जिच्या छातीत दोन माणसांची हवा मावायची. जिना चढतानासुद्धा ती गप्पा मारायची. पहिल्या दिवशी ती धाकटीला म्हणाली, “तू फुंकणी, मी भाता. आपला संसार सुखाचा होणार.”

त्या वर्षीचं मोठं गाणं सरांनी स्वतः बांधलं होतं. ऑर्केस्ट्रा आणि कॉयर दोन्ही मिळून करायचं, वर्षाच्या शेवटी, मोठ्या सभागृहात. त्याच्या शेवटी आम्ही वाजवणारे सगळे थांबायचो, गज खाली, आणि कॉयर एकटाच एक सूर धरून राहायचा. धरायचा म्हणजे धरायचाच. आम्ही त्याला ‘लांबण’ म्हणायचो. ऑर्केस्ट्राच्या बाई कुजबुजायच्या, “तुमच्या मांजरसरांची लांबण चालू आहे तोवर मी बाजारात जाऊन भाजी आणते.” पण सरांचा जीव त्या लांबणीत होता. “लोकांना वाटलं पाहिजे,” ते म्हणायचे, “की हा सूर आपण यायच्या आधीपासून चालू होता आणि आपण गेल्यावरही चालू राहील.”

ऐकायला छान. असली छान वाक्यं मुलांच्या छातीवर बसून म्हटली जातात, हे मला नंतर कळलं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बाबा शहरभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचे आणि रात्री चौथ्या मजल्यावर पायी यायचे. “दिव्याखाली अंधार,” आई म्हणायची. बाबा म्हणायचे, “अंधार नाही, व्यायाम.” पहिली सहामाही सरत आली तेव्हा धाकटी जिन्यात थांबायला लागली. दुसऱ्या मजल्यावर वाकायची आणि बुटाची नाडी बांधायची.

“नाड्या आहेत का शेपट्या?” मी म्हणायचे. “जिथे तिथे सुटतात त्या!”

“तू हो पुढे,” ती म्हणायची. एवढंच. तेव्हापासूनच ती छोटी छोटी वाक्यं बोलायला लागली होती.

मग पहिल्या मजल्यावरही नाडी सुटायला लागली. मग तिसऱ्याही. आणि एक दिवस तिने चपला घातल्या होत्या. तरी ती दुसऱ्या मजल्यावर नाडी बांधायला वाकली.

मी वर जाऊन पहिलं आईला सांगितलं. मागे धाकटी आली तेव्हा आई दारातच उभी होती. “काय गं, दम लागतो तुला?”

“नाही गं. हिला काय, बोलायला विषय लागतो.”

पण आई आई होती. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही गेले. त्या डॉक्टरने स्वेटरवरूनच नळी लावली. छाती ऐकली की लोकर, देव जाणे. वजन बघितलं, डोळ्याची पापणी खाली ओढली. “वयात आलेली मुलगी आहे, रक्त कमी असेल,” म्हणाला. मग विचारलं, “छंद काय?”

“कॉयरमध्ये गाते,” आई म्हणाली.

“अहो मग काळजीच नको! गाणाऱ्यांची फुप्फुसं म्हणजे लोहाराचा भाता. माझ्यापेक्षा मजबूत असतील.” तो हसला. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. लोहाराला लोह. त्याला बिचाऱ्याला विनोदसुद्धा पुरता साधला नाही.

आईचं समाधान झालं नाही. पालकांच्या सभेला ती सरळ मांजरसरांपाशी गेली. हात पुसायचं फडकं पर्समध्ये तसंच होतं तिचं, कामावरून धावत आली होती. “सर, आमच्या धाकटीला गाताना दम लागतो का हो?”

सर अगदी मनापासून हसले. कुचेष्टेने नाही, कौतुकाने. “दम? बाई, माझ्या कॉयरमधला सगळ्यात स्वच्छ श्वास तिचा आहे. मी इतके महिने कान लावतोय, मला तो एकदाही ऐकू आलेला नाही.”

आई घरी आली ती हलकी होऊन. बाबांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, मला दोनदा सांगितलं. “प्रत्यक्ष सर म्हणाले. एकदाही ऐकू आला नाही म्हणाले.” धाकटी ताटावर मान खाली घालून बसली होती. मला वाटलं लाजली.

थंडी गेली आणि एकत्र तालमी सुरू झाल्या. तोवर ऑर्केस्ट्रा एका खोलीत आणि कॉयर दुसऱ्या खोलीत, अशी आमची वेगळी चूल होती. आता सगळे एका सभागृहात. पुढे व्हायोलिनं, मागे चेलो, कडेला आम्ही धुडं, आणि आमच्या मागे लाकडी पायऱ्यांवर कॉयर. वाजवताना मला धाकटी दिसायची नाही, पाठीमागे असायची. पण लांबण लागली की मी गज खाली घेऊन मान वळवायचे. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. तोंड उघडं, डोळे सरांच्या ताल देणाऱ्या काठीवर. मला वाटायचं, किती सहज गाते ही. घरी तीन पायऱ्या चढून नाडी बांधते आणि इथे बघा.

मग घागरीला गालगुंड झालं.

हसायची गोष्ट आहे ना? आम्हीही हसलो. घागरीचा रांजण झाला, असं पोरं म्हणाली. त्या दिवशीच्या तालमीला धाकटीच्या उजवीकडे मोकळी जागा होती. सरांनी दुसऱ्या मुलीला तिथे सरकवलं. “आजचा दिवस भागवून घ्या.” धाकटी काहीतरी म्हणाली. बहुतेक ‘सर, मी आज बसू का’ असं. सरांनी ऐकलं नाही, काठी उचलली होती त्यांनी.

गाणं झालं. आम्ही थांबलो. लांबण लागली.

आणि मला तो ऐकू आला. ओली दोरी कप्पीवरून ओढावी तसा. सुराच्या मधोमध, उघडा, ओरखडलेला श्वास.

सरांची काठी थांबली. “कोण?”

त्यांनी रांगांवरून नजर फिरवली.

“पुन्हा.”

पुन्हा लांबण. पुन्हा तोच आवाज, आता लवकर, आणि लगेच अजून एक. रांगेतल्या पोरांनी माना वळवल्या. सर बूट न वाजवता पायऱ्यांपाशी गेले. मांजरच ते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी आजही सांगते. आश्चर्य होतं, घरच्याच माणसाला चोरी करताना पकडल्यासारखं.

“तू?” ते म्हणाले. मग नियम तो नियम. “खाली.”

धाकटी निघाली. पायरी सोडताना तिने एकदा घागरीच्या जागेकडे हात नेला, करंगळी शोधत. दुसऱ्या पायरीवर तिचे ओठ मला दिसले. शाई प्यायल्यासारखे. मी बास सोडून दिला. तो केवढ्यानं पडला म्हणतात, त्याची मान मोडली म्हणतात. मला ऐकू आलं नाही. मी पोचायच्या आत ती तिसऱ्या पायरीवरून पियानोपाशी पडली होती, आणि ‘रुमाल’ मुलगा पानं हातात घेऊन तसाच उभा होता.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई तुटक बोलायच्या. त्यांनी चित्र दाखवलं. काळं असायला हवं तिथे पांढरं जाळं होतं. “फुप्फुसं आतून निबर होत चालली आहेत. स्पंजचं चामडं व्हावं तशी. का होतं, ते सगळ्यांच्या बाबतीत कळत नाही. थांबवायची औषधं आहेत. पण जे निबर झालं ते परत मऊ होत नाही.” मग त्यांनी चष्मा काढला. “वर्षाच्या सुरुवातीला आली असती तर बरंच राखता आलं असतं. हे एका आठवड्यात झालेलं नाही. गाते म्हणता ना ही? रोज? मग हिचा श्वास कमी पडतोय हे कुणालाच कसं कळलं नाही?”

आई म्हणाली, “सर म्हणाले, स्वच्छ आहे.” एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबा इस्पितळाच्या लिफ्टकडे बघत होते. ती मजल्याच्या जरा खाली थांबत होती. नंतर ते उठले आणि कुणी न सांगता तिचं दार तपासायला लागले. माणसाला जे दुरुस्त करता येतं त्याकडे तो जातो.

गाल उतरल्यावर घागर आली. गळ्याभोवती मफलर, डोळे सुजलेले. धाकटी नाकात नळी घालून झोपली होती. घागर तिच्याकडे गेली नाही. मला ओढत बाहेरच्या बाकावर घेऊन गेली.

“हात दे,” म्हणाली. “मागे घे.”

तिने माझी करंगळी तिच्या करंगळीत अडकवली. “शाळा सुरू झाली तेव्हा ती अशी दाबायची.” एकदा दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

“सहामाहीला अशी.” दाबलं. थोडं थांबून दाबलं. दाबलं.

“आणि मला गालगुंड व्हायच्या आधी अशी.” आणि तिने माझी करंगळी दाबली, दाबली, दाबली, दाबली, सोडायला मध्ये जागाच नाही. मी हात ओढून घेतला.

“तिने मला शपथ घातली होती, दीदी. खाली पाठवतील म्हणाली. मला वाटलं घाबरते, म्हणून श्वास लागतो. मग मी दोघींचं गायला लागले. ती थांबली की मी मोठ्याने धरायचे. सर कान घेऊन आले की ती श्वास रोखून नुसतं तोंड हलवायची आणि मी तिच्या बाजूला वळून गायचे. सर म्हणाले, यंदा तुझा आवाज फुललाय.” ती रडताना पण गडगडूनच रडायची. “मी इतकं चांगलं झाकलं. इतकं चांगलं कशाला झाकलं मी?”

आता हिला काय बोलणार? मी फटकळ आहे, कसाई नाही. शाळेने तिला जे शिकवलं ते तिने केलं. शेजारणीचा श्वास झाकायचा. तिच्याइतका कुणीच झाकला नसेल. त्यासाठी शाळेत ढाली मिळतात, काचेच्या कपाटात ठेवतात.

पण सर होते ना. त्यांना सोडायचं मला काही कारण नव्हतं.

मी कॉयरच्या खोलीत गेले तेव्हा ते एकटेच होते. पायऱ्यांवर बसले होते, खालच्या. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. करंगळ्या, तोंड हलवणं, घागर, सगळं. एकही शब्द गोड केला नाही.

“मी रोज ऐकत होतो,” ते म्हणाले. “तिच्या तोंडाला कान लावून ऐकत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही.”

“तेच तर शिकवलंत तुम्ही, सर. कुणाला काही ऐकू येऊ नये म्हणून. आणि माझी आई विचारायला आली, तेव्हा जे ऐकू आलं नाही त्याचं सर्टिफिकेट दिलंत.”

“मी...”

“नका बोलू. तुम्ही वाईट माणूस असतात तर बरं झालं असतं. मला शिव्या तरी देता आल्या असत्या.”

त्यांनी बूट काढले. का, ते मला माहीत नाही. ते रबरी बूट बाजूला ठेवून मोज्यांनिशी बसून राहिले, देवळाबाहेर बसल्यासारखे. मी निघाले तेव्हा म्हणाले, “ते गाणं मी काढून टाकतो. लांबण नको आता.”

मुख्याध्यापकबाई वेगळ्याच. त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, शाळा कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे, कार्यक्रम धाकटीला अर्पण करायचा विचार आहे. “आमच्या संगीत विभागाची परंपरा...” म्हणाल्या. मी म्हटलं, “परंपरेला नळी लावा, बाई, ती पण निबर झालीय.” बाबांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात म्हणाले, “कशाला बोललीस?” आणि मग, “बरं बोललीस.”

गाणं काढणार म्हटल्यावर धाकटी पहिल्यांदा चिडली. घरी आली होती तेव्हा, चाकांच्या गाड्यावरच्या सिलिंडरसकट. “त्यांना सांग. गाणं ठेवायचं. तसंच. लांबणीसकट.”

“कशाला? तिथे बसून जीव जाळून घ्यायला?”

“तुला नाही कळणार. तू बाहेर असतेस.” थांबली. हवा घेतली. “आत उभं राहिलं की ऐकू येत नाही. आपला आवाज आणि शेजारणीचा. बस. सगळं मिळून कसं लागतं, मी कधीच ऐकलं नाही. एकदा बाहेरून ऐकू दे.”

मी सरांना सांगितलं. त्यांनी गाणं ठेवलं. तिची जागा कुणाला दिली नाही. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी जागा मोकळी, आणि तिच्या शेजारी घागर, एक हात मागे, करंगळी कुठेच नाही.

दुपारचा कार्यक्रम होता. सभागृह भरलं. धाकटी कडेच्या खुर्चीवर बसली होती, सिलिंडर शेजारी, आईचा हात गुडघ्यावर. बाबांनी गाड्याच्या चाकांना आदल्या दिवशीच तेल घालून ठेवलं होतं, कुरकुरू नयेत म्हणून. मी उसना बास घेऊन उभी होते. माझ्या बासची मान अजून डिंकात होती.

आम्ही वाजवलं. चांगलं की वाईट, मला विचारू नका. मी फक्त शेवटाची वाट बघत होते. ऑर्केस्ट्राच्या बाईंनी आम्हाला थांबवलं. गज खाली. सरांची काठी वर.

लांबण लागली.

मी त्या मोकळ्या जागेकडे बघत होते आणि कान देऊन ऐकत होते. माझी खात्री होती, तिथे भोक पडणार. पडायलाच हवं. इतकी वर्षं ज्या फटी ती भरत होती त्या उघड्या पडणार, वारा शिरणार, लोकांना कळणार की इथे कुणीतरी होतं. मी तर वाटच बघत होते. भोक पडलं की मी मोठ्याने रडणार होते, ठरवून ठेवलं होतं.

काही झालं नाही.

सूर सरळ गेला. कुठे चिरला नाही, कुठे डळमळला नाही. एकच प्रचंड प्राणी, त्याला श्वासाची गरज नाही. आमच्या आधीपासून चालू असलेला, आमच्या नंतर चालू राहणारा. इतकं चांगलं ते कधीच गायले नव्हते. सरांची काठी खाली आली, आणि लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. सर मात्र लोकांकडे वळलेच नाहीत. पाठमोरे उभे राहिले.

घागर पायऱ्यांवरून उड्या मारत खाली आली, खुर्च्यांमधून वाट काढत, घामाघूम. धाकटीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. “ऐकलंस? ऐकलंस ना? कुठे तुटलं नाही. तुझ्या जागा पाठ आहेत मला. तिथे सगळीकडे मी धरलं. सगळीकडे! तू नाहीस असं एका क्षणालाही कुणाला वाटू दिलं नाही!”

धाकटी हसली. घागरीच्या गालावरचा घाम पुसला. “मस्त झालं गं,” म्हणाली.

घागरीला वाटलं, तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट दिली. दिलीच होती तिने. मी तिला कधी काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

बाबांच्या व्हॅनमधून आम्ही घरी आलो. मागे लिफ्टच्या तारा आणि गिअर, मधे सिलिंडर. इमारतीपाशी बाबा तिला उचलून न्यायला निघाले, ती नाही म्हणाली. आई पुढे दार उघडायला गेली, बाबा सिलिंडर एका हाताने उचलून तिच्या वेगाने चालायचं म्हणून दोन पायऱ्या वर थांबत होते. दुसऱ्या मजल्यावर ती बसली. नाडीचं नाटक नाही केलं. सरळ बसली. मी शेजारी.

“बाबा, तो खाली ठेवा. तुम्ही व्हा वर,” ती म्हणाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते गेले, पण वरच्या वळणावर थांबले असणार. बुटांचा आवाज तिथेच संपला.

“एक विचारू?” ती म्हणाली.

“विचार.”

“तू पुढे होतीस. नीट ऐकलं असशील.” हवा. “कळलं का तुला? मी नव्हते ते?”

मी तिच्याकडे बघितलं. एवढ्यासाठीच होतं म्हणजे. एवढ्यासाठी गाणं ठेवायला लावलं, एवढ्यासाठी ती गेली तिथे. सगळं मिळून कसं लागतं ते नव्हतं ऐकायचं तिला. तिला भोक ऐकायचं होतं. तिच्या आकाराचं.

“कळलं म्हणजे?” मी म्हटलं. “भगदाड पडलं होतं नुसतं. बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं. मागच्या चेलोवाल्याने वळून बघितलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही. कानांकडे.

“लाल झालेत,” ती म्हणाली.

ती रडली वगैरे नाही. रडायला हवा लागते. तिने भिंतीला डोकं टेकलं. थोड्या वेळाने तिचा हात माझ्या पाठीमागे आला, चाचपडत, आणि तिची करंगळी माझ्या करंगळीत अडकली. गार होती.

तिने दाबलं.

मला काय करायचं ते समजायला वेळ लागला. आणि समजलं तेव्हा मी, कावळ्याच्या गळ्याची, जिला शाळेत प्रार्थनेलासुद्धा नुसते ओठ हलव म्हणायचे, मी त्या जिन्यात तोंड उघडलं आणि सूर धरला. कुठला, देव जाणे. ‘आ’ होता एवढं खरं. खरखरीत, फाटका, पण मोठ्याने. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने दार उघडलं, “काय झालं? कोण आहे?” म्हणाला. मी थांबले नाही.

तिने श्वास घेतला. झाकला नाही. ओल्या दोरीसारखा तो जिनाभर घासत वर गेला, बाबांपर्यंत.

तिने पुन्हा दाबलं.